रक्तात लोह आहे, मग चुंबक आपल्याला का ओढत नाही?

मागच्या महिन्यात एकाच आठवड्यात दोन रुग्णांनी मला जवळजवळ एकच प्रश्न विचारला.

पहिले एक आजोबा. गुडघेदुखी जुनीच, पण मनगटावर नवा चुंबकीय पट्टा. म्हणाले, "डॉक्टर, रक्तात लोह असतं ना? मग चुंबकाने रक्त ओढलं जातं आणि रक्तप्रवाह सुधारतो, असं विकणाऱ्याने सांगितलं. खरं आहे का?"

दुसऱ्या एक ताई. पाठीच्या मणक्याचा एमआरआय सांगितला होता. त्या घाबरलेल्या. "तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन वर आणलंय. एवढ्या मोठ्या चुंबकात गेल्यावर रक्तातलं लोह ओढलं नाही ना जाणार?"

एकाला ज्याची आशा, दुसरीला त्याचीच भीती. दोघांचा तर्क ऐकायला बरोबर वाटतो, पण तो चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे कळायला माणसाला शेकडो वर्षं लागली. ती गोष्ट आज सांगतो, कारण ती नीट समजली तर तुमचे पैसे वाचतील आणि एखाद्या वेळी जीवही वाचेल.

सुश्रुतांचा अयस्कांत

चुंबकाचा उपयोग वैद्यकात नवा नाही. सुश्रुतसंहितेत शरीरात घुसलेलं शल्य, म्हणजे बाणाचं टोक वगैरे, बाहेर काढण्याचे अनेक उपाय दिले आहेत. त्यात एक उपाय अयस्कांताचा, म्हणजे लोहचुंबकाचा आहे. मला त्यातली शिस्त आवडते. चुंबक कधी वापरायचा? शल्य सरळ दिशेत असेल, आत अडकून बसलेलं नसेल, त्याला उलटे काटे नसतील आणि जखमेचं तोंड पुरेसं मोठं असेल, तेव्हाच. लोखंडाचा तुकडा मोकळा असेल तर चुंबकाने निघेल, नसेल तर दुसरा उपाय करा. यात चमत्काराचा दावा कुठेच नाही.

युरोपात सतराव्या शतकात मारी कोलिने या शल्यचिकित्सक बाईंनी डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण लोहचुंबकाने काढल्याची नोंद आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झुरिकचे नेत्रतज्ज्ञ हाब यांनी त्याच कामासाठी मोठा विद्युतचुंबक वापरात आणला.

म्हणजे चुंबक लोखंडाच्या तुकड्याला ओढतो, हे वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. गोंधळ झाला तो बाकीच्या वस्तूंबद्दल.

गिल्बर्ट नावाचा डॉक्टर

चुंबकाचा पद्धतशीर अभ्यास करणारा एक मोठा माणूस डॉक्टरच होता. विल्यम गिल्बर्ट हे लंडनमधले वैद्य, पुढे राणी एलिझाबेथ पहिली हिचेही वैद्य झाले. १६०० साली त्यांनी चुंबकावर ग्रंथ लिहिला. पृथ्वी स्वतःच एक मोठा चुंबक आहे, हे त्यांनी त्यात मांडलं.

त्या काळी युरोपात एक समज पक्का होता, की लसूण चोळला की चुंबकाची शक्ती जाते. अशा समजुती गिल्बर्टनी खोडून काढल्या. चुंबक आणि लोखंड यांच्यामध्ये जाड लाकडी फळी, मातीचं भांडं, संगमरवर, अगदी ज्योत ठेवली तरी ओढ कमी होत नाही, हे त्यांना दिसलं. ओढ अडवतो तो फक्त लोखंडाचा पत्रा.

हा शोध आजही आम्हा डॉक्टरांच्या कामाचा आहे. खेळण्यांमधले छोटे, पण फार शक्तिशाली गोल चुंबक लहान मुलं कधी कधी गिळतात. एक गिळला तर तो बहुतेक वेळा शौचावाटे निघून जातो. पण दोन किंवा जास्त गिळले, तर आतड्याच्या एका वळशातला चुंबक शेजारच्या वळशातल्या चुंबकाला ओढतो. मध्ये आतड्याची भिंत असते, पण ती ही ओढ अडवत नाही. भिंत दोन चुंबकांत चिमटली जाते, तिचा रक्तपुरवठा थांबतो आणि आतड्याला भोक पडू शकतं. म्हणून मुलाने चुंबक गिळल्याची नुसती शंका आली, तरी "निघेल आपोआप" म्हणून केळी खाऊ घालत बसू नका. त्याच दिवशी, ताबडतोब रुग्णालयात न्या.

मेस्मर आणि चौकशी समिती

अठराव्या शतकात गाडी रुळावरून घसरली. व्हिएन्नातले डॉक्टर फ्रान्झ मेस्मर यांनी १७७४ च्या सुमारास रुग्णांवर चुंबक वापरायला सुरुवात केली. पुढे ते म्हणू लागले की चुंबकाचीही गरज नाही, माझ्या शरीरातच चुंबकीय शक्ती आहे. पॅरिसमध्ये त्यांच्याकडे गर्दी लोटली. रुग्णांना झटके येत, रडू येत आणि नंतर बरं वाटे.

१७८४ मध्ये राजा सोळाव्या लुईने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. समितीची पद्धत साधी होती. एका मुलाला डोळे बांधून फ्रँकलिन यांच्या बागेत आणलं. तिथल्या एकाच झाडात 'चुंबकत्व' भरलं होतं. मुलगा दुसऱ्याच झाडाजवळ बेशुद्ध पडला. समितीने निष्कर्ष काढला, की परिणाम होतो, पण तो कल्पनेचा आहे, चुंबकत्वाचा नाही.

आज औषधांच्या चाचण्यांमध्ये रुग्णाला खरं औषध आणि खोटी गोळी यातला फरक कळू देत नाहीत. त्या पद्धतीच्या सुरुवातीच्या उदाहरणांमध्ये ही चौकशी मोजली जाते. चुंबकीय पट्ट्यांच्याही अशा चाचण्या झाल्या आहेत, खरा चुंबक एका गटाला आणि बिनचुंबकाचा पट्टा दुसऱ्याला देऊन. दुखण्यावर ठोस, वेगळा फायदा दिसलेला नाही. आजोबांना बरं वाटतं हे खोटं नाही, पण त्याचं श्रेय चुंबकाला देता येत नाही.

आता एक गंमत. समितीतल्या लाव्हाझिए यांनीच ऑक्सिजनला 'ऑक्सिजन' हे नाव दिलं. तो वायू चुंबकाकडे ओढला जातो, हे मात्र त्यांच्या हयातीत कोणालाच ठाऊक नव्हतं.

फॅरेडे यांनी सफरचंद टांगलं

१८४५ च्या नोव्हेंबरमध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे यांनी शक्तिशाली विद्युतचुंबकाच्या दोन टोकांमध्ये जाड काचेचा तुकडा दोऱ्याने टांगला. लोखंडाची पट्टी अशी टांगली तर ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरळ उभी राहते. काच मात्र बरोबर आडवी फिरली. चुंबक तिला हलकेच दूर ढकलत होता.

मग फॅरेडे यांनी हाती लागेल ते टांगून पाहिलं. लाकूड, पाणी, पाव, सफरचंद, मांस, रक्त. सगळं काचेसारखंच वागलं. त्यांनी लिहून ठेवलं, की माणसाला पुरेशा नाजूकपणे चुंबकाच्या टोकांमध्ये टांगता आलं तर तोही आडवाच फिरेल, कारण तो ज्या ज्या पदार्थांचा बनला आहे, त्या सगळ्यांचा, रक्ताचासुद्धा, हाच गुण आहे.

आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर इथे पौणेदोनशे वर्षांपूर्वीच मिळालं होतं. चुंबक आपल्याला ओढत नाही, उलट अगदी किंचित दूर ढकलतो. किती किंचित? १९९७ मध्ये नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथे शास्त्रज्ञांनी एक जिवंत बेडूक चुंबकाच्या जोरावर हवेत तरंगवला. बेडकाच्या शरीरातल्या पाण्याला चुंबक ढकलत होता. पण त्यासाठी सुमारे १६ टेस्ला शक्तीचं क्षेत्र लागलं. रुग्णालयातला नेहमीचा एमआरआय दीड किंवा तीन टेस्लाचा असतो. मनगटावरच्या पट्ट्याची तर बातच सोडा.

हवेची पाळी

घन आणि द्रव झाले. हवेचं काय? १८४७ मध्ये इटलीतले धर्मगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ बांकालारी यांनी दाखवलं की चुंबकाच्या टोकांमध्ये ठेवलेली ज्योत बाजूला झुकते. ते वाचून फॅरेडे वायूंकडे वळले. साबणाच्या फुग्यात वेगवेगळे वायू भरून त्यांनी ते चुंबकाजवळ नेले. ऑक्सिजनचा फुगा चुंबकाकडे ओढला गेला, नायट्रोजनचा नाही.

१८९१ मध्ये जेम्स ड्युअर यांनी द्रवरूप ऑक्सिजनवर प्रयोग केला. तो फिकट निळा द्रव चुंबकाच्या टोकांना जाऊन चिकटला.

कारण असं. ऑक्सिजनच्या प्रत्येक रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीदाराशिवाय असतात. असा एकटा इलेक्ट्रॉन म्हणजे एक इवलासा चुंबक. ज्या पदार्थांत सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असतात, त्यांचं चुंबकत्व एकमेकांत फिटून जातं. पाणी, नायट्रोजन, लाकूड, मांस हे असे पदार्थ.

मग चुंबकाभोवती ऑक्सिजन गोळा होऊन खोलीतल्या बाकीच्यांना गुदमरायला का होत नाही? कारण ही ओढ फारच क्षीण आहे आणि हवेतले रेणू उष्णतेमुळे सतत जोरात इकडेतिकडे धावत असतात. त्या धावपळीपुढे ही ओढ टिकत नाही. लोखंडात असे इवलेसे चुंबक शेजारी शेजारी, एका दिशेत रांग लावून उभे राहतात आणि त्यांची ताकद एकत्र येते. म्हणून लोखंड आणि हवा यांच्यातला फरक दहापट किंवा शंभरपट नसतो, तो कोट्यवधी पटींचा असतो. बाजारातले सगळे दावे हाच फरक लपवतात.

रक्तातलं लोह

आता ताईंचा प्रश्न. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असतं, म्हणजे एका छोट्या खिळ्याएवढं. त्यातलं बरंचसं हिमोग्लोबिनमध्ये. पण ते खिळ्यासारखं एकत्र नसतं. हिमोग्लोबिनच्या एका प्रचंड रेणूत लोहाचे फक्त चार अणू, तेही एकमेकांपासून लांब. रांग लावायला शेजारीच नाही. म्हणून शरीरातल्या लोहाचं वजन खिळ्याएवढं असलं, तरी ते खिळ्यासारखं वागत नाही.

१९३६ मध्ये अमेरिकेत लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉर्येल यांनी रक्ताचं चुंबकत्व काळजीपूर्वक मोजलं. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून दूर ढकललं जातं, आणि ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं. ऑक्सिजन जोडला गेला की लोहाच्या अणूतले एकटे इलेक्ट्रॉन जोडीने बसतात. त्यांनी आवर्जून नोंदवलं, की फॅरेडे यांनी वाळलेलं रक्त तपासून झाल्यावर ताजं, वाहतं रक्तही पाहायला हवं, अशी टिपणी १८४५ मध्येच वहीत करून ठेवली होती. ते राहून गेलं आणि हा शोध ९० वर्षं लांबला.

या बारीक फरकाचा उपयोग पुढे झाला. १९९० मध्ये सेइजी ओगावा यांनी दाखवलं की एमआरआयच्या प्रतिमेत रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण टिपता येतं. त्यावरून मेंदूचा कोणता भाग काम करतोय, हे दिसू लागलं.

हवेतल्या ऑक्सिजनच्या ओढीचाही उपयोग झाला. १९४० मध्ये अमेरिकी नौदलाला पाणबुडीतल्या हवेत ऑक्सिजन किती उरलाय, हे सांगणारं यंत्र हवं होतं. पॉलिंग यांनी चुंबकाच्या टोकांमध्ये काचेचा इवलासा डंबेल बारीक धाग्यावर टांगला. भोवतालच्या हवेत ऑक्सिजन वाढला की डंबेल फिरतो. युद्धानंतर हे यंत्र अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या काचपेटीपर्यंत पोहोचलं. तिथे ऑक्सिजन कमी पडला तर जीव जातो, आणि फार झाला तर डोळ्यांचा पडदा बिघडतो. भूल देण्याच्या अनेक यंत्रांत याच तत्त्वावर आजही ऑक्सिजन मोजला जातो. तुमच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कदाचित त्यानेच तुमची राखण केली असेल.

अलिबागची खोली आणि एमआरआयची खोली

कोणत्या वस्तू चुंबकाला 'दिसतात', हे घर बांधताना पाहावं लागलं, असं एक उदाहरण आपल्याकडेच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. शहरात विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेलं. तिथली इमारत पोरबंदरी दगडाची बांधली. आपल्या काळ्या पाषाणात लोहाचं चुंबकीय खनिज असतं, म्हणून तो चालत नव्हता. लोखंडाच्या खिळ्यांना, बिजागऱ्यांना तिथे मज्जाव.

एमआरआयच्या खोलीतही वस्तूंची अशीच छाननी होते, फक्त कारण उलटं आहे. अलिबागला वस्तूंपासून मोजमापाला धोका होता, इथे वस्तूंपासून माणसाला आहे.

एमआरआय लोहावर चालत नाही. शरीरातल्या पाण्यात आणि चरबीत हायड्रोजन असतो, त्याच्या अणुकेंद्रांकडून येणारा संदेश यंत्र टिपतं. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये अशी पहिली प्रतिमा प्रसिद्ध केली. १९७७ मध्ये रेमंड डमाडियन यांनी माणसाच्या छातीची पहिली प्रतिमा घेतली, तेव्हा तिला जवळजवळ पाच तास लागले. लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ चं नोबेल मिळालं. तेव्हा ताई, तुमचं हिमोग्लोबिन सुरक्षित आहे.

पण दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३० हजार पट. आणि हा चुंबक सतत चालू असतो. दिवे बंद, आवाज बंद, रात्र असली तरी चुंबक चालूच. "मशीन बंद आहे" हा समज सर्वांत घातक.

२००१ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कजवळ एका सहा वर्षांच्या मुलाचा एमआरआय सुरू असताना कोणीतरी खोलीत ऑक्सिजनचा पोलादी सिलिंडर आणला. तो उडून मुलाच्या डोक्यावर आदळला आणि मूल दगावलं. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात रुग्णासोबत आलेला तरुण नातेवाईक सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला. सिलिंडरसोबत तोही खेचला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. तो रुग्णाला मदत करायला गेला होता, एवढंच.

दोन्ही वेळा आतल्या ऑक्सिजनची ओढ नगण्य होती. खेचलं गेलं ते सिलिंडरचं पोलाद.

तुम्ही काय करायचं?

एमआरआयला जाताना:

- पेसमेकर, कानातलं रोपण, मेंदूतली क्लिप, जुन्या शस्त्रक्रियेतला रॉड किंवा स्टेंट असेल तर आधी सांगा आणि कागद सोबत न्या. टायटॅनियमचे सांधे आणि बहुतेक स्टेंट चालतात, पण ते ठरवणं तंत्रज्ञांचं काम.
- लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगचं काम केलं असेल आणि कधी डोळ्यात कण गेला असेल, तर वर्षं लोटली तरी सांगा. सुश्रुतांनीही चुंबकाचा उपाय अडकून न बसलेल्या शल्यासाठीच सांगितला होता. आधी डोळ्याचा एक्स-रे काढतात.
- साडीच्या, ओढणीच्या सेफ्टी पिना, हेअरपिना, चाप, ताईत, जोडवी, घड्याळ, मोबाइल, किल्ल्या, श्रवणयंत्र सगळं बाहेर ठेवा. मंगळसूत्रही. सोनं ओढलं जात नाही, पण यंत्रातल्या रेडिओलहरींनी धातू तापू शकतो.
- सोबत आलेल्यांनीही हेच पाळायचं. सिलिंडर, व्हीलचेअर, स्ट्रेचर स्वतःहून आत नेऊ नका, कोणी सांगितलं तरी आधी तंत्रज्ञाला विचारा.

घरी:

- फ्रिजवरचा चुंबक घेऊन मुलांसोबत फिरा. लोखंडी तव्याला चिकटेल. तांब्यापितळेला, ॲल्युमिनियमच्या पातेल्याला नाही. स्टीलच्या काही डब्यांना चिकटेल, काहींना नाही. म्हणजे नुसतं पाहून कोणती वस्तू ओढली जाईल हे सांगता येत नाही. तंत्रज्ञ सरसकट सगळं बाहेर ठेवायला लावतात, ते म्हणूनच.
- पेसमेकर असेल तर चुंबकीय पट्टे, चुंबकीय गाद्या आणि चुंबक बसवलेले मोबाइल छातीपासून दूर ठेवा. चुंबक जवळ आला की पेसमेकरची कामाची पद्धत बदलते.

आजोबांनी पट्टा काढला का? नाही. नातवाने दिलाय, म्हणाले. मी म्हटलं, ठेवा हौसेने, पण गुडघ्याचे व्यायाम आणि वजन यांच्या ऐवजी नको, आणि कधी एमआरआय सांगितला तर तो दारातच काढून ठेवा. ताईंचा एमआरआय नीट पार पडला. आत जाण्यापूर्वी पदराची पिन तेवढी राहिली होती. तंत्रज्ञांनी विचारल्यावर आठवली.

तुमच्या घरात कोणाचा एमआरआय ठरला असेल, तर वरची यादी त्यांना आजच वाचून दाखवा.